पंचशीलाच्या हातची मोटार

बायकोचं कौतुक ऐकून नवऱ्याची छाती फुगते, असं लोक म्हणतात. ज्याची फुगत असेल त्याची फुगो. माझ्या पोटात दुखतं. गेली अठरा वर्षं दुखतंय आणि आता ते अंगवळणी पडलंय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे, आणि मी ते गोड करून सांगेन अशी कोणी आशा धरू नये.

पंचशीला माझी बायको. हदगावात बसस्टँडवरून बाजाराकडं वळलं की डाव्या हाताला आमचं पत्र्याचं दुकान आहे. पाटीवर नाव माझं आहे, 'नरसिंग मोटार रिवायंडिंग'. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळाली की शेतकरी ती गाडीवर मागं बांधून आमच्याकडं आणतो. आतली जळकी तार काढायची, नव्या तारेच्या कॉइल करून लोखंडी खाचांमध्ये बसवायच्या, व्हार्निश द्यायचं, वाळवायचं. आमच्याकडं याला मोटार भरणं म्हणतात. मी नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं घासून हे शिकलो. पहिले सहा महिने खाचांत तारेखाली घालायचे नुसते कागद कापले, आणि तारेला हात लावायला मिळाला तो दीड वर्षानं. पंचशीला माझ्याकडं तीन आठवड्यांत शिकली. दुखणं तिथून सुरू झालं.

तिचं माहेर लातूरकडचं, औशाजवळचं एक खेडं. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं ती फक्त डबा घेऊन दुकानात यायची. माझं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसायची आणि बघत राहायची. मग एका हिवाळ्यात विजेनं असा उच्छाद मांडला की दिवसाला पाच-सहा मोटारी यायला लागल्या. हरभऱ्याचं पाणी अडलेलं, शेतकरी दारात ठाण मांडून बसलेले, आणि नेमका त्याच वेळी माझा कारागीर पुण्याला कंपनीत निघून गेला. मी वैतागून तिला म्हणालो, "नुसती बघत काय बसलीस? ह्या जुन्या कॉइलचे वेढे मोज." तिनं मोजले. मग म्हणाली, "अवो, ह्या एका खाचंत अठ्ठेचाळीस हायेत, बाकी समद्यात सेहेचाळीस. मागच्या मिस्त्रीनं चुकून भरलीय ही." मी परत मोजले. तिचं बरोबर होतं. मी मात्र म्हणालो, "चालतंय तेवढं."

तिनं पहिल्यांदा एकटीनं भरलेली मोटार आप्पासाहेबांची. तामसा रस्त्याला त्यांचं शेत आहे. ती मोटार नऊ वर्षं चालली, एकदाही उघडावी लागली नाही. दोन वर्षांनी आप्पासाहेब मुद्दाम दुकानात आले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "नरसिंगभाऊ, हात हाय का काय हाय तुमचा!" मी मान हलवली. पंचशीला मागं बसून कागद कापत होती, तिनं वर बघितलंही नाही. मला वाटलं, रात्री घरी गेल्यावर तरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, एकदाचं भांडण होऊन मिटलं असतं. ती भाजीत मीठ जास्त झालंय का एवढंच विचारत राहिली.

हळूहळू माझ्या हातून तार सुटली. मोटार उघडणं, बेअरिंग ठोकणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, चहा मागवणं ही माझी कामं झाली आणि भरणं तिचं. मला वाटायचं, मालकानं असंच असावं. पण शेतकरी आंधळा नसतो. त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. दारात गाडी लावली की पहिला प्रश्न, "वैनी हाईत का?" मी समोर धडधाकट बसलेलो. ती नसेल तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या मग, उद्या येतो." एकानं तर तुरीच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात देऊन बजावलं, "वैनीला द्या बरं का." त्या शेंगा मी उकडून एकट्यानं खाल्ल्या. बाधल्या.

तिची एक सवय मला सगळ्यात जास्त खुपायची. जळालेली मोटार समोर आली की ती लगेच पक्कड उचलत नाही. आधी नुसती बघते. कोणत्या कॉइल काळ्या पडल्यात, कोणत्या नाहीत, कागद कुठं करपलाय, खाचेच्या तोंडाशी पाणी होतं का. दहा-दहा मिनिटं. मग शेतकऱ्याला सांगते, "भाऊ, तुमची मोटार कोरडी फिरली. विहिरीत पाणी खाली गेलतं का मागच्या हप्त्यात?" शेतकरी तोंडात बोट घालतो. माझ्याकडं बघत सुद्धा नाही. अशा वेळी मी उठून उगाच रस्त्यावर जायचो आणि पानपट्टीवाल्याशी राजकारणाच्या गप्पा मारायचो.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी सरकारची कुपनाची योजना आली.

पंचायत समितीत बैठक झाली, तिथं एका साहेबानं समजावून सांगितलं. आधी पोरांना हाताचं काम शिकवायचे पैसे थेट संस्थेला मिळायचे. मग संस्था कागदावर पोरं बसवायच्या आणि वर्गात पंखे फिरायचे. आता कुपन पोराच्या नावावर, त्याच्या मोबाईलवर. मान्यता असलेल्या कोणत्याही केंद्रात त्यानं जावं, कुपनाचा नंबर द्यावा, सरकार त्या केंद्राला फी देणार. थोडी आधी, बाकीची पोरगं परीक्षा पास होऊन कामाला लागल्यावर. शिकवणं नाही पटलं तर पोरानं कुपन उचलून दुसरीकडं जावं, कोणी अडवायचं नाही. पूर्वी पोरं संस्थेच्या दारात उभी राहायची, आता संस्थेनं पोरांच्या दारात उभं राहायचं. मला हे फार आवडलं, कारण माझ्याकडं संस्थाही नव्हती आणि पोरंही नव्हती. होतं ते दुकान, आणि लहान दुकानांनाही केंद्राची मान्यता मिळणार होती.

मी अर्ज भरला. खरं सांगतो, फीपेक्षा मला 'सर' म्हणवून घ्यायचं होतं. आयुष्यभर लोकांनी मिस्त्री म्हटलं, भाऊ म्हटलं, आणि मग 'वैनी हाईत का' म्हटलं. आता माझ्यासमोर दहा पोरं वह्या घेऊन बसणार होती. प्रशिक्षक म्हणून मी माझं नाव टाकलं.

पंचशीलानं अर्ज वाचला. "माझं नाव कुठं हाय?"

"मदतनीस म्हणून टाकलंय की खाली."

"बरं," ती म्हणाली आणि कॉइल वळायला बसली.

दहा जणांची तुकडी मिळाली. मान्यता तात्पुरती होती. प्रशिक्षकानं दोन महिन्यांच्या आत लातूरच्या तपासणी केंद्रात जाऊन हाताची चाचणी द्यायची, एक मोटार त्यांच्यासमोर भरून चालवून दाखवायची. ती पास झाली की मान्यता पक्की. मला त्याची काडीचीही फिकीर नव्हती. बावीस वर्षांचं दुकान होतं माझं.

पोरांत पाच पोरी होत्या. त्यातली सुकन्या सगळ्यात फटकळ, जवळच्याच खेड्यातल्या शेतकऱ्याची पोर, कॉलेज अर्धवट सुटलेलं. हरिओम नावाचा एक शांत पोरगा होता, तो सगळं वहीत उतरून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी दोन तास बोललो. विजेचा शोध, मोटारीचा इतिहास, माझा उस्ताद, माझे कष्ट. पोरं ऐकत होती. दुपारी पंचशीला जेवणाचे डबे घेऊन आली आणि जाता जाता एका पोरीच्या हातातली कॉइल सरळ करून देऊन गेली. संध्याकाळी निघताना पोरं म्हणाली, "येतो काका." आणि तिला म्हणाली, "येतो मॅडम."

काका! मी रात्रभर कूस बदलत होतो.

चौथ्या दिवशी एक जळकी मोटार टेबलावर ठेवली होती. हरिओमनं विचारलं, "काका, ही जळाली कशानं?"

"लोड आला," मी म्हणालो. माझं हे ठरलेलं उत्तर. शेतकऱ्यालाही मी हेच सांगतो आणि शंभरातल्या चाळीस वेळा ते खरं निघतं. पोरांनी लिहून घेतलं.

पंचशीला कोपऱ्यात व्हार्निश लावत होती. ती सहज म्हणाली, "दोन फेजच्या कॉइल काळ्या हायेत, तिसऱ्याच्या तांबड्याच्या तांबड्या. एक फेज गेला असन, आन् मोटार तशीच चालू ऱ्हायली असन." पोरांनी माना वाकवून बघितलं. खरंच, आठ कॉइल कोळसा आणि चार नव्यासारख्या. हरिओमनं वहीत माझं वाक्य खोडलं आणि तिचं लिहिलं. त्याचं बघून बाकीच्यांनीही खोडलं. दहा पेनांचा आवाज आला मला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पत्र्याचं पार्टिशन घातलं आणि तिचं टेबल मागं टाकलं. व्हार्निशच्या वासानं पोरांचं डोकं दुखतं, असं कारण सांगितलं. ती आपली तार आणि हत्यारं उचलून मागं गेली. पण पाण्याचा माठ मागंच होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दहा पोरं दिवसाला चाळीस वेळा पाणी प्यायला लागली. एकेक जण जायचा आणि पंधरा मिनिटांनी यायचा. परत आला की त्याच्या कॉइलची टोकं बरोबर बसलेली असायची. मी माठ पुढं आणला. मग पोरींना मागच्या बाजूला डबा खायचा असायचा. नांदेडला शिकताना आम्ही उस्तादाची नजर चुकवून सिनेमाला पळायचो. ही पोरं माझी नजर चुकवून शिकायला पळत होती.

आता ते सांगतो जे सांगायला जड जातं. एका सकाळी माझ्या फोनवर लातूरच्या चाचणीचा मेसेज आला. तारीख, वेळ, पत्ता. खाली लिहिलं होतं की प्रत्येक केंद्रानं दोन माणसं पाठवली तरी चालेल, दुसऱ्याचं नाव शुक्रवारपर्यंत कळवावं. मी तो मेसेज तीनदा वाचला. पार्टिशनपलीकडून तिचा आवाज येत होता, ती कुणाला तरी सांगत होती, "तार ढकलू नको, तिला वाट दे." मी फोन खिशात घातला आणि शुक्रवार जाऊ दिला.

"लातूरची तारीख आली," मी घरी सांगितलं. "एकालाच बोलावलंय."

"जावा मग," ती म्हणाली. "पहाटची गाडी धरा." तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मग कपड्यात गुंडाळलेली तिची बांबूची पट्टी पुढं केली. खाचेत तार दाबायला ही पट्टी लागते. तिनं ती काचेनं घासून घासून अशी गुळगुळीत केली होती की तारेवर ओरखडा उठत नसे. "ही न्या."

"तिथं समदं असतं," मी म्हणालो. तिच्या हत्यारानं मी पास व्हायचं, हे मला जमणार नव्हतं.

तिथं सगळं नव्हतं. मोटार होती, तार होती, कागद होते. भरणारा आपलं हत्यार घेऊन येतो, हा सगळ्यांचा रिवाज. बाकीच्या सात जणांनी आपापल्या पट्ट्या काढल्या. परीक्षक होते मडिवाळप्पा सर, उदगीरकडचे, आयुष्यभर मोठ्या वर्कशॉपात फोरमन असलेले. त्यांनी विचारलं, "पट्टी कुठं तुमची?" मी म्हणालो, विसरलो. त्यांनी भुवई उडवली आणि पुढं गेले.

मी कामाला लागलो आणि तासाभरात कळून चुकलं. डोक्यात सगळं होतं, हातात काही उरलं नव्हतं. कॉइल सैल पडत होत्या. खाचेच्या तोंडाशी तार अडकली की पंचशीला ती बोटांनी पसरवून एकेक आत सोडते, ते मी हजारदा बघितलं होतं, पण बघितलेलं बोटांत उतरत नाही. दुपारी तीन वाजता माझ्या निम्म्या खाचा रिकाम्या होत्या. शेजारचा पोरगा व्हार्निशला आला होता. मी घाबरलो आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला. स्क्रू-ड्रायव्हरनं तार दाबायची नसते, तिच्यावरचं इनॅमल खरवडतं आणि उघडी तार उघड्या तारेला लागते. हे मी पहिल्या आठवड्यात पोरांना शिकवलं होतं. तरी दाबली.

मोटार लावली तेव्हा ती दोन सेकंद घुमली, मग गुरगुरली आणि खाचेतून धूर निघाला. मडिवाळप्पा सरांनी बटण बंद केलं.

"अय्यो," ते म्हणाले, "किती वर्सांनी तार धरलात?"

"रोज धरतो सर."

त्यांनी माझा हात उलटा करून बोटं बघितली. भरणाऱ्याची बोटं टोकाला फाटलेली असतात, व्हार्निशनं काळी पडलेली. "ही बोटं गिऱ्हाइकाला चहा पाजणाऱ्याची आहेत," ते म्हणाले. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "तुम्हाला आता सहा महिन्यांनी. केंद्रातलं दुसरं कोण असेल तर येत्या मंगळवारी पाठवा. ती शेवटची तारीख."

परतीच्या गाडीत मी ठरवलं की कोणाला पाठवायचं नाही. बुडू दे केंद्र. केंद्र बुडालं तर सरकारच्या नावानं खडे फोडता आले असते. ती पास झाली तर कोणाच्या नावानं बोंबलायचं? घरी सांगितलं, निकाल यायचाय. चार दिवस मी तेच सांगत राहिलो आणि पंचशीला "बरं" म्हणत राहिली.

इकडं नांदेडच्या एका मोठ्या केंद्राची माणसं पोरांना फोन करत होती. त्यांच्याकडं काचेची इमारत होती, गार हवा होती, येण्याजाण्याला बस होती. शनिवारी सुकन्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मोबाईल पुढं धरला.

"काका, आपल्या केंद्राच्या नावापुढं प्रशिक्षकाची जागा अजून लाल दिसून ऱ्हायली. तीस तारखेपर्यंत हिरवी झाली न्हाई तर आमची कुपनं आपोआप नांदेडला जातात."

"मग जावा नांदेडला. गार हवा हाय तिथं."

"पोरं जातील," ती म्हणाली. "आमी पाचजणी कशा जाणार? बाबा मला रोज नांदेडला धाडणार न्हाईत. मी हितं येते, कारण हितं मॅडम हाईत. हे गेलं की माझं शिकणं संपलं, म्हंजी संपलंच. दिवाळीनंतर पाव्हणे बघायला यायलेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडमला पाठवा ना काका. तुमाला लाज कामून वाटते?"

मी ओरडलो तिच्यावर. काय ओरडलो ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही. ती रडली नाही. वही पिशवीत घालून घरी गेली, आणि तिच्यामागं बाकीच्या चौघी. दुकानात पाच स्टुलं रिकामी पडली. पार्टिशनच्या मागं तार ओढायचा आवाज थांबला होता. मी उठून मागं गेलो.

"मी नापास झालो," मी म्हणालो. "धूर निघाला."

पंचशीलानं हात पुसले. मला वाटलं आता ती अठरा वर्षांचं सगळं काढणार. मी तयारीतच होतो, माझ्याकडंही उत्तरं होती.

"बरं," ती म्हणाली. "मंगळवारी किती वाजता पोचायचं?"

मी वेळ सांगितली. मंगळवार मी तिला अजून सांगितलाच नव्हता, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी आम्ही दोघं लातूरला गेलो. गाडीत ती खिडकीशी बसली आणि सोयाबीनच्या काढणीकडं बघत राहिली. तपासणी केंद्राच्या आत फक्त चाचणी देणाऱ्याला सोडत होते. बाहेर व्हरांड्यात बाकडं होतं, आणि बाकड्यासमोर हॉलची मोठी खिडकी. मडिवाळप्पा सरांनी तिला टेबल दाखवलं. तिनं टेबलाची दुसरी बाजू घेतली, खिडकीकडं पाठ करून. मला तिचे हात दिसत नव्हते. निळ्या साडीची पाठ, वेणी, आणि अधूनमधून हलणारे कोपर. आठ तास मी ती पाठ बघितली.

तिनं मोटार उचलली नाही बराच वेळ. मला माहीत होतं ती काय करतेय, बघतेय. मडिवाळप्पा सर तिच्याशेजारी येऊन थांबले. ती काहीतरी बोलली, त्यांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून तिथंच बसले. माझ्यापाशी ते दीड मिनिट सुद्धा थांबले नव्हते.

आणि मग मी जे केलं ते कोणाला दिसत नव्हतं, म्हणून निवांत केलं. मी मनापासून इच्छा करत बसलो की तिची मोटार जळावी. केंद्र, कुपनं, सुकन्याचं शिकणं, त्या पाच पोरी, सगळं माहीत असून. मोठी आग नको होती मला, नुसता माझ्याएवढा धूर. एकदा तिनंही बाहेर यावं आणि म्हणावं, नाही जमलं. मग मी तिला चहा पाजला असता, समजावलं असतं, म्हणालो असतो की होतं असं, हात चुकतो माणसाचा. किती चांगला वागलो असतो मी! दुपारी भाकरी खाताना, नळावर पाणी पिताना, तेवढाच एक विचार. दर वेळी कोपर थांबलं की माझा जीव वर यायचा, अडकली वाटतं. कोपर परत हलायला लागलं की मी परत खाली.

साडेचारला मोटार लावली. मी उठून खिडकीच्या गजाला धरलं. बटण दाबलं तेव्हा मला आवाजच आला नाही. मला वाटलं, सुरूच झाली नाही. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. मग दिसलं की शाफ्टवर खडूनं मारलेली रेघ दिसेनाशी झालीय. मोटार फिरत होती. इतकी गुळगुळीत की खिडकीपर्यंत आवाज पोचत नव्हता.

मडिवाळप्पा सरांनी मोटारीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. फॉर्म भरताना मोठ्यानं विचारलं, "उस्ताद कोण तुमचे?"

"आमचे मालकच," ती म्हणाली, आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

सरांनी मागची यादी उलटली, नाव सापडलं असावं. चष्म्यावरून खिडकीकडं बघितलं. मी गज सोडून बाकड्यावर बसलो. अठरा वर्षं ज्या गोष्टीसाठी झुरत होतो ती तिनं भर हॉलमध्ये मला दिली होती, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

नांदेडची गाडी मिळाली. अहमदपूर सुटलं. तिच्या मोबाईलवर सुकन्याचा मेसेज आला होता, केंद्राच्या नावापुढची जागा हिरवी झाल्याचा फोटो. पोरी उद्या येणार होत्या. तिनं तो फोटो मला दाखवला, मी "चांगलं झालं" म्हणालो. मग एकदम माझ्या डोक्यात ते आलं.

"तुला मंगळवार कसा ठाव होता?"

"सुकन्यानं दाखिवला. यादी येते ना तिच्या मोबाईलवर."

"मंग पहिल्या तारखेचं बी..."

"हाव. दोघं चालतात म्हणून लिवलं होतं. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचं होतं."

गाडी एका खेड्यात थांबली. भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई खिडकीशी येऊन गेली. ती गेल्यावर मी विचारलं, "मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी एकदा पास व्हावं असं लई वाटत होतं मला," ती म्हणाली. "तुमी पास झाले असते तर तुमचा राग निघाला असता. मग मी बी शिकवलं असतं तर तुमाला काई वाटलं नसतं." मग म्हणाली, "तुमी लातूरला गेले त्या दिवशी मी दुकानात भरायला बसलेच न्हाई. हात लागत नव्हता. धूर निघू नये, धूर निघू नये, एवढंच."

मला हे ऐकवेना. मी नापास झालो त्यापेक्षा हे वाईट होतं. तिच्या हाताचा हेवा मी करत आलो होतो, तो सोसायची सवय झाली होती. आता याचाही हेवा वाटायला लागला, की तिला दुसऱ्यासाठी असं वाटू शकतं. आणि मला वाटलं, आता तरी एक गोष्ट खरी सांगावी, निदान तिथं तरी मी तिच्या बरोबरीला येईन.

"पंचशीला," मी म्हणालो, "मी आज दिवसभर बाहेर बसून तुझी मोटार जळावी म्हणून वाट बघत होतो."

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. मोटार उघडल्यावर ती बघते तसं बघितलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "म्हणूनच तर खिडकीकडं पाठ करून बसले."